मेलेल्यांच्या नावांत राजा

संत मायकेलच्या सणानंतरचा गुरुवार, वेल्डबरी

ऑस्बर्टा,

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल मनात काही धरू नकोस. कापणीच्या आधीच लिहायचं ठरवलं होतं. पण आधी बोटांना सूज आली, मग लिहायला कातड्याचा तुकडा मिळेना, आणि मिळाला तेव्हा तो द्यायचा कुणाकडे हे ठरेना. दक्षिणेकडे जाणाऱ्या मठवाल्यांवर माझा आता काडीचा विश्वास नाही. इस्टरच्या वेळी ज्याच्याकडे पत्र दिलं होतं, त्याचे डोळे एका जागी ठरत नव्हते. त्याने ते वाटेतच खरवडून कोरं करून विकलं असणार.

किंवा तुला ते मिळालं असेल आणि तू उत्तर दिलं नसशील. मी तसंच धरून चालतो. लहानपणीसुद्धा रागावलास की तू तोंड मिटून बसायचास. तेव्हा अजून रागातच आहेस, असं समजतो.

तुम्ही गेल्यावर माझं काम बदललं, हे तुला कळवायचं राहिलं. राजेसाहेब तुम्हा सगळ्यांना घेऊन पवित्र भूमीच्या लढाईला गेले आणि राज्य आमच्या बिशप फुल्कच्या हाती सोपवून गेले. तेव्हापासून हा बुटका, लंगडा माणूस राजाची मोहर गळ्यात घालून फिरतो. मिस्सेची प्रार्थना म्हणतानासुद्धा ती काढत नाही. वेदीपुढे वाकला की ती दगडावर आपटते आणि मला दचकायला होतं. त्याच्या खासगी प्रार्थनाघरात वेदीवर कापड घालणं, हातावर पाणी घालणं, घंटा वाजवणं, मेणबत्त्या पेटवणं, ही सगळी कामं माझ्याकडे आहेत. मलाच का निवडलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. म्हातारा, अर्धवट शिकलेला, फ्रेंच न समजणारा माणूस त्याला हवा असणार. इथे तो कुणावर विश्वास ठेवत नाही. त्याचं सूप आधी आचारी पितो, मग आचाऱ्याचा मदतनीस पितो, आणि मग तो त्या दोघांच्या तोंडाकडे बघत बसतो.

आता खरी गोष्ट. पत्र कुणाला दाखवू नकोस.

मला लॅटिन येत नाही. शाळेतून मला घालवलं तेव्हा माझं शिक्षण निम्म्यावर होतं. पण रोज ऐकून ऐकून मिस्सेतल्या जागा मला कळतात. पवित्र भाकर उंच धरण्याआधी धर्मगुरू जरा थांबून जिवंत माणसांची नावं घेतो. भाकर आणि पेला झाल्यावर पुन्हा थांबतो आणि मेलेल्यांची घेतो. दोन्ही अगदी पुटपुटत. पलीकडच्या माणसाला ऐकू जात नाही. मंगळवारी मी मोठी मेणबत्ती पेटवून, घंटा वाजवून परत त्याच्या कोपराशी येऊन उभा राहिलो होतो. भाकर झाली, पेला झाला. मेलेल्यांची जागा आली. आणि बिशपने राजेसाहेबांचं नाव घेतलं.

ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून बुधवारी कान टवकारून उभा राहिलो. तेच नाव, त्याच जागी. तू म्हणशील, त्यांच्या घराण्यात त्या नावाचा कुणी वाडवडील असेल. नाही. मी तीन वेगवेगळ्या माणसांना आडून आडून विचारलं. राजेसाहेबांच्या वडिलांचं नाव वेगळं, आजोबांचं वेगळं. त्या नावाचे फक्त तेच.

म्हणजे राजा मेला आहे, ते बिशपला ठाऊक आहे, आणि तो मेलेल्याच्या नावाने मोहर उठवून राज्य चालवतो आहे. माझ्या डोक्यात दुसरा अर्थ येत नाही.

राज्याचं मला काय. पण राजाच्या घोड्यांना नाल ठोकणारा माणूस राजापासून किती लांब असणार? तो जिथे पडला तिथून तू किती पावलांवर होतास, हेच माझ्या डोक्यात फिरत असतं.

तुझा बाप,
एल्विन

संत मार्टिनच्या सणानंतरचा शुक्रवार

ऑस्बर्टा,

मागचं पत्र मिळालं की नाही, ते कळायला मार्ग नाही. हे लोकर घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याकडे देतो आहे. तो फार गोड बोलतो, त्यामुळे त्याचाही भरवसा धरवत नाही.

तुझी गुनिल्ड बरी आहे. डुकरं कापून झाली, मांसाला मीठ लावून झालं, यंदा सगळं तिने एकटीने केलं. कातडी कमावणारा विगोट मदतीला येतो. पिंपं उचलतो, लाकडं फोडतो, आणि मग उगाच दारात रेंगाळतो. मी त्याला एकदा म्हटलं, की बाबा, तुझ्या अंगाच्या वासाने आमचं मांस नासेल. तो नुसता हसला. मला तो हसणारा माणूस आवडत नाही.

राजाच्या नावाची गोष्ट मी फक्त गुनिल्डला सांगितली. तिचा हक्क आहे असं वाटलं. ती मीठ चोळत होती. चोळता चोळता थांबली आणि म्हणाली, "मामंजी, मी बायको आहे की विधवा, एवढं एकदा कुणीतरी ठरवून टाका. दोन्ही एकदम होऊन राहणं मला आता झेपत नाही."

मी म्हटलं, राजा मेला म्हणजे ऑस्बर्ट मेला असं थोडंच आहे. ती म्हणाली, तसं कुठे म्हणते मी, पण चर्चवाले मेल्याची खबर आल्याशिवाय मला मोकळं करणार नाहीत, आणि जिवंत असल्याची खबर तुमचा मुलगा देणार नाही. मग पुन्हा मीठ चोळायला लागली, पण इतकं जोरात, की मी उठून बाहेर गेलो.

तिच्या तोंडून बाहेर गेलं असणार. कारण बाजारात आता मासळीवालीसुद्धा गिऱ्हाईकाला विचारते, की हा मासा ताजा हवा की राजासारखा? लोक हसतात. बिशपवर सगळ्यांचा राग आहेच. आपली भाषा त्याला धड येत नाही, माणसं ओलीस म्हणून स्वतःच्या किल्ल्यात ठेवतो, आणि उन्हाळ्यापासून राखीव जंगलातले ओक तोडायला लावतो आहे. बंदरावर जहाजं बांधायची आहेत म्हणे.

आणि आता त्याने मला वेदीपासून हलवलं आहे. पाणी घातलं, मेणबत्ती पेटवली, घंटा झाली की मी जाऊन दाराशी उभं राहायचं. कारण सांगितलं नाही. त्याच्या मनात चोर नसता तर त्याने मला का हलवलं असतं? तूच सांग.

तू काही सांगणार नाहीस, ते माहीत आहे.

एल्विन

नाताळाच्या आधीचा रविवार

ऑस्बर्टा,

मागच्या पत्रात मी लिहिलं, की फक्त गुनिल्डला सांगितलं. तसं म्हटलं तर ते अगदी बरोबर नाही. हॅमोलाही थोडं सांगितलं होतं. हॅमो तुला आठवणार नाही. तो राजेसाहेबांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे अर्लसाहेबांकडे असतो. राजाला मूल नाही, तेव्हा राजानंतर राज्य अर्लसाहेबांचं, हे तुला माहीतच आहे. हॅमो संत मायकेलच्या सणाच्या सुमाराला पहिल्यांदा आला होता. वाम माशाचं कालवण आणलं होतं. आल्याच्या रसातलं, चार दिवस पुरेल एवढं. माझ्यासारख्या माणसाकडे एवढं कालवण घेऊन कुणी का येतं, हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण तो समोर बसून तुझी चौकशी करायला लागला. तू कसा होतास, किती वर्षांचा, घोडे तुला कसे ओळखायचे. इथे कुणी तुझं नाव काढत नाही, ऑस्बर्टा. मी बोलत गेलो, आणि बोलता बोलता तेही बोलून गेलो.

काल तो पुन्हा आला. आता काही आणलं नव्हतं. म्हणाला, की उपासाचा काळ सुरू होण्याआधी सगळे सरदार आणि मठाधिपती इथे आमच्या कॅथेड्रलात जमणार आहेत. तिथे मी संताच्या हाताच्या हाडावर हात ठेवून शपथेवर सांगायचं, की बिशप राजाचं नाव मेलेल्यांच्या जागी घेतो. बस एवढंच. खोटं काही बोलायचं नाही.

मी म्हटलं, "आणि जहाजं?"

"कसली जहाजं?"

"बंदरावरची. राजेसाहेबांना आणि लोकांना परत आणायला बांधताहेत ती."

हॅमो मोठ्या मायेने हसला. "एल्विनबाबा, ती जहाजं बिशपने स्वतःला पळून जायला बांधली आहेत. आणि नसतील तसली, तरी राजा मेला म्हटल्यावर काय करायची? मेलेल्यांना आणायला जहाजं पाठवतं का कुणी?"

तो गेल्यावर मी बराच वेळ चुलीशी बसून राहिलो. जहाजं पळून जायला बांधली आहेत, हे खरं असेल. एका लंगड्या माणसाला पळून जायला किती जहाजं लागतात, हेही मी मोजून पाहायचा प्रयत्न केला. पण अर्लसाहेबांच्या हाती राज्य आलं तर ती इथेच कुजतील, एवढं मात्र नक्की. त्यांना भाऊ परत यायला नकोच आहे. आणि तुम्ही लोक तिकडे कुठल्या तरी बंदरात समुद्राकडे बघत बसाल. बसला असलात तर.

शपथ घेतली नाही तर हॅमो मला सोडणार नाही. घेतली तर जहाजं सुटणार नाहीत. आणि बिशपला कळलं, तर मी त्याच्या किल्ल्याच्या तळघरात. हे सगळं एकदम माझ्याच वाट्याला कसं आलं, कळत नाही.

गुनिल्डला यातलं काही सांगितलेलं नाही. हे खरंच सांगितलेलं नाही.

एल्विन

मेणबत्त्यांच्या सणानंतरचा सोमवार

ऑस्बर्टा,

बिशपला कळलं.

मेणबत्त्यांना आशीर्वाद द्यायचा सण झाला. मी उरलेल्या मेणबत्त्या पेटीत भरत होतो, तोच त्याचा कारकून आला आणि म्हणाला, बिशपसाहेबांनी बोलावलं आहे, आत्ता. मला वाटलं तळघर. पण मला नेलं प्रार्थनाघरात. बिशप एकटाच होता, मिस्सेचे कपडे घालून तयार. आपल्या भाषेत बोलला, तोडून तोडून, जसा तो घोड्यांशी बोलतो.

म्हणाला, मोठ्या मेणबत्तीला आज हात लावू नकोस, ती माझा कारकून पेटवेल. घंटाही तो वाजवेल. तू इथे, माझ्या कोपराशी उभा राहा, आणि हलू नकोस.

मी उभा राहिलो. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, ऑस्बर्टा, की इतक्या दिवसांत जिवंतांच्या नावांच्या वेळी मी त्याच्याजवळ कधी नव्हतोच. लोकांना भाकर नीट दिसावी म्हणून त्याच वेळी मोठी मेणबत्ती पेटवायची असते. मी भिंतीपाशी पाठ करून वाकलेला असतो, वात पेटवायला निखाऱ्यावर फुंकर घालत, आणि लगेच घंटा. प्रत्येक चर्चमधला माणूस त्या वेळी हेच करतो. जिवंतांची नावं आम्ही कुणी कधी ऐकतच नाही.

त्या दिवशी ऐकली. बिशप थांबला, आणि जिवंतांत पहिलं नाव राजेसाहेबांचं घेतलं. पुढे भाकर झाली, पेला झाला, मेलेल्यांची जागा आली, आणि तिथेही त्याने राजेसाहेबांचंच नाव घेतलं. मोहर दगडावर आपटली.

मिस्सा संपल्यावर मला वाटलं आता हा मला विचारेल, समाधान झालं का, किंवा ओरडेल. तो खाली पायरीवर बसला आणि दुखरा पाय लांब केला. मग म्हणाला, की लढाईला गेल्यावरच्या दुसऱ्या हिवाळ्यानंतर तिकडून एक शब्द आलेला नाही. राजा मेला असेल आणि मी त्याला जिवंतांत धरत राहिलो, तर त्याच्या आत्म्यासाठी इथे कुणीच प्रार्थना करत नाही. जिवंत असेल आणि मी त्याला मेलेल्यांत घातलं, तर ते पाप. तर ते पाप मी माझ्या डोक्यावर घेतलं आहे. पण राज्य फक्त जिवंताच्या नावाने चालतं, आणि तू मेलेल्यांतलं नाव तेवढं बाहेर बोलून बसलास.

मी विचारलं, मग मला दाराशी का उभं केलं?

"कारण तू ऐकतोस," तो म्हणाला. "अर्धंच."

मग पायरीवरून उठला. जाताना विचारलं, तुझा मुलगा राजाबरोबर गेला आहे ना? मी हो म्हटलं. त्याने विचारलं, "त्याचं नाव कुठल्या जागी घेऊ?"

मी म्हटलं, मला घरी जाऊन विचार करावा लागेल. तो पहिल्यांदाच हसला, म्हणजे ओठ थोडे हलले, आणि म्हणाला, मलाही तसंच होतं.

तर आता बघ. हा मनुष्य खरं बोलतो, की माझ्यासाठी त्याने त्या दिवशी पुरतं नाव दोन्हीकडे घेतलं? मेणबत्ती दुसऱ्याला पेटवायला लावली ती मला ऐकू यावं म्हणून, की ठरवून ऐकवावं म्हणून? मी आठवून आठवून थकलो. एवढ्या हुशार माणसाला अशी युक्ती सुचायला कितीसा वेळ लागणार? आणि त्याने मला तळघरात का टाकलं नाही? तेच सगळ्यात संशयाचं वाटतं.

गुनिल्ड म्हणते, "मामंजी, तुम्हाला कुणी पाणी दिलं तरी आधी तळ बघता." म्हणू दे.

एल्विन

उपासाच्या काळातला पहिला शुक्रवार

ऑस्बर्टा,

हे शेवटचं पत्र नव्हे, पण यानंतर बरेच दिवस लिहायला होणार नाही. उजवा हात पुन्हा सुजला आहे. ज्या हाताने शपथ घेतली तो.

राखेच्या बुधवारच्या, म्हणजे उपास सुरू होण्याच्या, आदल्या दिवशी सगळे जमले. अर्लसाहेब एका बाजूला, बिशप दुसऱ्या बाजूला, मधे एक म्हातारे मठाधिपती, ज्यांचं दोघंही ऐकतात. चांदीच्या पेटीतलं संताचं हाड आणून ठेवलं. हॅमोने मला पुढे नेलं. त्याने माझा कोपर धरला होता, बाहेरून मायेने, आतून चिमटीत.

मठाधिपतींनी विचारलं, बिशपला मेलेल्यांच्या जागी राजाचं नाव घेताना ऐकलंस का? मी हाडावर हात ठेवून म्हटलं, ऐकलं. सगळीकडे एकदम गलका झाला. हॅमो म्हणाला, "झालं, मागे हो बाबा."

मी मागे झालो नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, जिवंतांच्या जागीही ऐकलं.

गलका थांबला. अर्लसाहेबांनी फ्रेंचमध्ये काही म्हटलं, आणि त्यांची माणसं हसली. मठाधिपतींनी हात वर केला आणि मला विचारलं, कधी ऐकलंस? एकदा? की रोज?

मी बिशपकडे बघितलं नाही. मी कुणाकडेच बघितलं नाही. समोर चांदीच्या पेटीवर एक माशी फिरत होती, थंडीत कुठून आली कोण जाणे, तिच्याकडे बघत होतो. खरं उत्तर होतं एकदा. एकदा म्हटलं असतं, तर हॅमो म्हणणार होता, की ते नाटक होतं, आणि माझंही तेच मत आहे, निम्मं तरी. आणि मग जहाजं बंदरातच राहणार होती.

"रोज," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

संताच्या हाडावर हात ठेवून. मला माहीत आहे, त्याचा अर्थ काय होतो. पण तू एवढं लक्षात ठेव, की मी खोटं बोललो की खरं बोललो, हे मलाच माहीत नाही. तो कदाचित खरंच रोज घेत असेल.

मठाधिपती म्हणाले, ज्याचं नाव दोन्हीकडे घेतात तो मेला आहे असं म्हणता येत नाही. राज्य आहे तसं बिशपच्या हाती राहील, आणि खबर आणायला जहाजं जातील. अर्लसाहेब उठून गेले. जाता जाता हॅमो माझ्या कानाशी म्हणाला, "म्हाताऱ्या, तुझा मुलगा तिकडे मेलेला निघाला ना, तर ही शपथ तुला घेऊन बुडेल." एवढं बोलून तो पुन्हा हसला. त्या हसण्यापायी आता मी दाराला आतून दोन अडसर घालतो.

बिशप माझ्यापाशी थांबलासुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी राख लावताना त्याने माझ्या कपाळावर अंगठा जरा जास्त वेळ ठेवला. आभार होते की धमकी, ठरवता येत नाही.

गुनिल्ड कॅथेड्रलात मागे उभी होती, ते मला माहीत नव्हतं. ती माझ्यामागून घरी आली. मी भाकरी कापून दिली, तिने घेतली नाही. मग म्हणाली, "राजा मेला असं तुम्ही म्हटलं असतं, तर चर्चवाल्यांनी माझ्यासाठीही वाट काढली असती. विगोट लग्नासाठी कापणीपर्यंत थांबणार होता." मी म्हटलं, पोरी, जहाजं गेली पाहिजेत. ती म्हणाली, "गेली पाहिजेत, ते मलाही कळतं. म्हणून तर रडायलाही येत नाही." आणि विगोटकडे निरोप पाठवला, की आता लाकडं फोडायला येऊ नकोस. लाकडं आता मी फोडतो. जमत नाही.

तर ऑस्बर्टा, हे असं झालं. इस्टरनंतर पहिला चांगला वारा आला की जहाजं निघतील. हे पत्र जहाजाच्या सुताराकडे देतो आहे. त्याचे डोळे चांगले आहेत, पण तो फार लवकर हो म्हणाला, म्हणून त्याला चारदा बजावलं आहे. तुमची माणसं जिथे असतील तिथे तो तुझं नाव विचारेल. बिशपला मी अजून सांगितलेलं नाही, तुझं नाव कुठल्या जागी घ्यायचं. तो दोनदा माझ्याकडे बघून थांबला. मी निखाऱ्यावर फुंकर घालत राहिलो.

लांबलचक उत्तर मागत नाही. राग सोड असंही म्हणत नाही. सुतार समोर आला की एवढंच म्हण, की त्या म्हाताऱ्याला सांग, मी त्याला उत्तर देणार नाही. तेवढं मला पुरे. फक्त ते लवकर पाठव, पहिल्या परतीच्या जहाजाने पाठव.

तुझा बाप,
एल्विन